फादर नसताना

वसई, उत्तन, माहीम, बांद्रा इथल्या कुठल्याही चर्चमध्ये पवित्र आठवड्याच्या तोंडावर संध्याकाळी डोकावलं, तर पापनिवेदनाची रांग दिसते. वर्षभर तिकडे न फिरकणारेही तेव्हा येतात. वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करायचं हा दंडक १२१५ च्या चौथ्या लॅटरन महासभेपासून चालत आलाय, आणि ईस्टर हा त्याचा ठरलेला मुहूर्त. २०२० साली ही रांग लागलीच नाही. मार्चच्या अखेरीस टाळेबंदी आली, ईस्टर होता १२ एप्रिलला, आणि मधल्या दिवसांत मिस्सा मोबाइलच्या पडद्यावर जाऊन बसली. ती निदान बघता तरी येत होती. पापनिवेदन ही काही बघायची गोष्ट नव्हे. मग लोक विचारू लागले, फादरांना फोन करून सांगितलं तर चालेल का? व्हिडिओ कॉलवर तरी?

हाच प्रश्न रोममध्येही पडला होता. २० मार्च २०२० च्या सकाळी पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमधल्या सांता मार्ता निवासातल्या मिस्सेत त्याचं उत्तर दिलं. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : फादर मिळत नसतील तर थेट देवाशी बोला, तो तुमचा पिता आहे. जे केलंत ते खरंखरं सांगा, मनापासून क्षमा मागा, आणि पुढे संधी मिळताच पापनिवेदन करीन असं वचन द्या. देवाची कृपा लगेच परत मिळेल. अनेकांना वाटलं, साथीच्या निमित्ताने पोपनी नवी सवलत दिली. फ्रान्सिस यांनी मात्र ही वाट धर्मशिक्षणात आधीपासून लिहिलेली आहे, हे स्वतःच सांगितलं होतं. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात ती आहे, आणि त्या ग्रंथाने ती सोळाव्या शतकातल्या ट्रेंटच्या महासभेतून घेतली आहे. म्हणजे सवलत जवळपास पावणेपाचशे वर्षं जुनी. बहुतेक श्रद्धावंतांना ती ठाऊक नव्हती, कारण कधी गरजच पडली नव्हती.

आणि ती सवलत आहे का, हाही प्रश्नच आहे.

ट्रेंटच्या महासभेने २५ नोव्हेंबर १५५१ रोजी प्रायश्चित्त संस्काराविषयी आपली शिकवण जाहीर केली. मार्टिन ल्यूथर यांच्या टीकेला उत्तर देणं हा त्यामागचा एक मोठा उद्देश होता. पाप माफ होण्यात माणसाचा वाटा तिहेरी, असं महासभेने सांगितलं : मनापासून पश्चात्ताप, धर्मगुरूंपुढे निवेदन, आणि त्यांनी सांगितलेलं प्रायश्चित्त पार पाडणं. त्यावर धर्मगुरूंनी दिलेली क्षमा. पण पश्चात्तापातही दोन प्रकार आहेत, आणि सगळी मेख तिथे आहे. पोराने आईच्या डब्यातले पैसे उचलले आणि बापाच्या माराच्या धाकाने ते रडू लागलं, तर तो एक पश्चात्ताप. आईला काय वाटलं असेल या विचाराने रडू लागलं, तर तो दुसरा. नरकाच्या भीतीने, पापाच्या किळसेने आलेला पश्चात्ताप खोटा नाही. ल्यूथर यांना तो ढोंगाकडे नेणारा वाटत होता. ट्रेंटने त्याला देवाचंच दान म्हटलं, पण अपूर्ण म्हटलं. देवावरच्या प्रेमातून, त्याला दुखावलं या दुःखातून आलेला पश्चात्ताप तेवढा परिपूर्ण. हा दुसरा पश्चात्ताप प्रत्यक्ष संस्कार मिळण्याआधीच माणसाचा देवाशी समेट घडवतो, असं महासभेने स्पष्ट सांगितलं. मात्र संस्कार घेण्याची इच्छा त्या पश्चात्तापात असलीच पाहिजे, हेही त्याच वाक्यात जोडलं.

आता याचा अर्थ नीट पाहिला की गंमत कळते. पापनिवेदनाला गुडघे टेकलेल्या माणसाचा पश्चात्ताप अपूर्ण असला, निव्वळ धाकापोटी का आलेला असेना, तरी चालतं. उरलेलं संस्कार भरून काढतो. फादर समोर नसतील तर ही भरपाई नाही. तिथे प्रेमातून आलेलाच पश्चात्ताप लागतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, मधला माणूस गेला की काम सोपं झालं, देव आणि आपण. कॅथलिक हिशेबात ते उलटं आहे. फादरांची रांग ही कमकुवत माणसाची सोय आहे. रांग नसली की तोच माणूस एकदम सर्वांत कठीण परीक्षेला बसतो. कॅथलिकांवर नेहमीचा एक आरोप असतो की त्यांचे धर्मगुरू देव आणि माणूस यांच्यामध्ये उभे राहतात. तो करणाऱ्यांनी हा तपशील एकदा तपासून पाहायला हरकत नाही.

शिवाय आपला पश्चात्ताप परिपूर्ण आहे की नाही, हे ठरवणार कोण? स्वतःच्या मनाचा तळ कुणाला दिसतो? पापनिवेदनानंतर फादरांचे क्षमेचे शब्द निदान कानाने ऐकलेले असतात. एकट्याने केलेल्या प्रार्थनेत तसं काही ऐकू येत नाही. धाकाच्या पश्चात्तापात थोडं तरी प्रेम असावं लागतं का, यावर सतराव्या शतकात कॅथलिक पंडितांत इतकी जुंपली, की १६६७ मध्ये सातवे अलेक्झांडर यांच्या काळात रोमला दोन्ही पक्षांना बजावावं लागलं : वाद घाला, पण एकमेकांना पाखंडी ठरवू नका. निकाल मात्र दिला नाही. सामान्य माणसाला रोज म्हणायला दिलेल्या पश्चात्तापाच्या प्रार्थनेत तर दोन्ही भावना शेजारी शेजारी नांदतात. आधी स्वर्ग हुकण्याची आणि शिक्षेची भीती येते, आणि मग, त्याहून जास्त, देवाला दुखावल्याचं दुःख. एकीकडून दुसरीकडे जायला जणू पायरीच ठेवलेली.

फोनच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि तेही जुनं. १६०२ मध्ये पोप आठवे क्लेमेंट यांनी असं मत निषिद्ध ठरवलं, की दूरच्या धर्मगुरूंना पत्राने किंवा निरोप्यामार्फत पापं कळवून त्यांच्याकडून दुरूनच क्षमा घेता येते. तेव्हा फोन नव्हता, पण मुद्दा तोच. हा संस्कार एकमेकांसमोर हजर असलेल्या दोन माणसांत घडतो. २००२ मध्ये व्हॅटिकनने इंटरनेटविषयी लिहिताना पुन्हा तेच सांगितलं : इंटरनेटवर संस्कार नाहीत. पडद्यावरच्या मिस्सेने मन भरून येईल, प्रार्थना घडेल, पण ख्रिस्तप्रसाद हातात येणार नाही.

फादर नाहीत, मग निदान शेजारच्या माणसाला तरी सांगावं, ही ओढही जुनी आहे. मे १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या किल्ल्यावर फ्रेंचांचा मारा होणार हे दिसत असताना इग्नाशियस लोयोला यांनी, तेव्हा ते संत नव्हते, एक हट्टी सरदार होते, आपल्या एका सोबती सैनिकापुढे पापं सांगून टाकली. मध्ययुगात हे विचित्र मानत नसत. थॉमस अक्वायनस यांनीही निकडीच्या वेळी सामान्य माणसापुढे निवेदन करायला मुभा दिली होती. तो माणूस क्षमा देऊ शकत नाही, पण निवेदन करणाऱ्याने आपल्याकडून होण्यासारखं सगळं केलेलं असतं. उरलेलं देव पाहील, असा त्यांचा विचार. पुढे ट्रेंटने क्षमा देण्याचा अधिकार फक्त धर्मगुरूंचाच हे ठासून सांगितल्यावर ही प्रथा ओसरली.

कोरियात तिने वेगळंच वळण घेतलं. तिथली कॅथलिक मंडळी १७८४ मध्ये धर्मगुरूंविना सुरू झाली. बीजिंगला गेलेला एक तरुण विद्वान, यी सुंग-हून, तिथे बाप्तिस्मा घेऊन परतला आणि त्याने मित्रांना बाप्तिस्मा दिला. पुस्तकं वाचून वाचून या मंडळींनी आपल्यातल्याच काही जणांना ‘धर्मगुरू’ नेमलं. ते मिस्सा करू लागले, पापनिवेदन ऐकू लागले. पुढे त्यांच्यातल्याच एकाला शंका आली आणि बीजिंगच्या बिशपांना विचारणा झाली. बिशप म्हणाले, बाप्तिस्मा देत राहा, बाकीचं थांबवा. आणि त्यांनी थांबवलं. माझ्या मते ख्रिस्ती इतिहासातल्या आज्ञापालनाच्या कथांत ही सर्वांत कमी सांगितली जाणारी आहे. धर्मगुरू मिळेपर्यंत आणखी काही वर्षं पापनिवेदनाविना काढायची, हे त्यांनी कबूल केलं. कारण ज्यासाठी थांबायचं, ती गोष्ट घरी बनवता येत नाही, हे त्यांना पटलं होतं.

बाप्तिस्मा मात्र अडत नाही. पाणी आणि योग्य शब्द असले की अडीनडीला कोणीही तो देऊ शकतो, देणारा ख्रिस्ती नसला तरी. लग्नाचंही तसंच : वधूवर हेच एकमेकांना तो संस्कार देतात, म्हणून अधिकारी धर्मगुरू महिनाभर मिळण्याची शक्यता नसेल तर दोन साक्षीदारांपुढे लागलेलं लग्नही वैध धरतात. तेव्हा धर्मगुरूंशिवाय मुलं जन्माला येऊन ख्रिस्ती होतात, लग्नं लागतात, मंडळी पिढ्यानपिढ्या टिकू शकते. अडतं ते पापक्षमेपाशी आणि ख्रिस्तप्रसादापाशी.

त्यातही चर्चने जिथे जिथे फट ठेवता येईल तिथे ठेवली आहे. मरणाच्या दारात असलेल्या माणसाला कुठलाही धर्मगुरू क्षमा देऊ शकतो, पद सोडून संसाराला लागलेलासुद्धा. जीव धोक्यात असलेल्या जमावाला वेगवेगळं निवेदन न ऐकता एकत्र क्षमा देता येते, फक्त वाचलेल्यांनी पुढे गंभीर पापांचं निवेदन स्वतंत्रपणे करायचं. मार्च २०२० मध्ये व्हॅटिकनच्या प्रायश्चित्त न्यायालयाने काढलेल्या टिपणीत रुग्णालयाचा वॉर्ड हेच उदाहरण आहे. धर्मगुरूंनी वॉर्डाच्या दाराशी उभं राहावं, आवाज पोचवायला लाउडस्पीकर वापरावा, आणि सगळ्यांना एकदम क्षमा द्यावी. आणि ज्या मरणाऱ्याजवळ कोणीच पोचू शकत नाही? ज्याने आयुष्यात काही ना काही प्रार्थनेची सवय ठेवली, त्याला चर्च स्वतःहून पूर्ण दंडमाफी देतं. जवळ क्रूस असला तर बरं, असंही म्हटलंय.

ख्रिस्तप्रसादाची भूक वेगळी, आणि तिच्यासाठी शिकवलेली प्रार्थनाही वेगळी. ट्रेंटच्याच महासभेने सांगितलं होतं की प्रसाद घेणारे तीन तऱ्हेचे. कोणी नुसता तोंडाने घेतात, कोणी तोंडाने आणि मनाने, आणि कोणी फक्त मनाने, म्हणजे उत्कट इच्छेने. या तिसऱ्याला आत्मिक ख्रिस्तप्रसाद म्हणतात. आव्हिलाच्या तेरेजा यांनी आपल्या मठवासिनींना तो शिकवला, आणि आल्फोन्सस लिग्वोरी यांनी १७४५ च्या आपल्या छोट्या पुस्तकात त्यासाठी लिहिलेली प्रार्थना अजून घरोघर चालते. २०२० मध्ये यूट्यूबवरच्या मिस्सेत बहुधा तीच पडद्यावर येत होती. साथीच्या काही महिन्यांत तिने मोठा आधार दिला. पण नेहमीची व्यवस्था म्हणून ती कितपत पुरेल? २०१९ च्या अ‍ॅमेझॉनविषयीच्या धर्मसभेत बिशपांनी सांगितलं की नदीकाठच्या कित्येक वस्त्यांना मिस्सेसाठी महिनेन् महिने, कधी कधी वर्षंही वाट पाहावी लागते. त्यांना ‘मनाने घ्या’ एवढंच सांगत राहणं मला पुरेसं वाटत नाही, आणि त्या सभेतल्या बहुसंख्यांनाही वाटलं नव्हतं. त्यांनी विवाहित पुरुषांना दीक्षा देण्याची सूचना केली. पोप फ्रान्सिस यांनी पुढच्या फेब्रुवारीत आपलं पत्र प्रसिद्ध केलं, त्यात त्या सूचनेला होकार नव्हता.

गोव्यातल्या बाणावलीचे जोसेफ वाझ यांना हा प्रश्न फार जवळून ठाऊक होता. डचांनी १६५८ मध्ये जाफना घेतल्यावर सिलोनमध्ये कॅथलिक धर्मगुरूंना बंदी झाली. १६८७ मध्ये वाझ तिथे वेष पालटून, मजुराच्या अवतारात उतरले, तोवर एक अख्खी पिढी प्रायश्चित्त संस्काराविना वाढली होती. मुलांना बाप्तिस्मा घरचेच देत होते, प्रार्थना चालवत होते. कोण कॅथलिक आहे हे विचारायची सोय नव्हती, म्हणून वाझ गळ्यात जपमाळ घालून दारोदार भिक्षा मागत फिरले. माळ पाहून कोणाच्या नजरेत ओळख उमटते, ते पाहत. मग रात्री त्या घरी मिस्सा. १७११ मध्ये कँडीला ते वारले. २०१५ मध्ये कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केलं.

सिलोनचा खंड एकोणतीस वर्षांचा. जपानमध्ये तो दोनशे वर्षांहून मोठा होता, आणि परिपूर्ण पश्चात्तापाची शिकवण कुठे कसाला लागली असेल तर तिथे.

त्या कथेत वसईचाही एक माणूस आहे. गोन्सालो गार्सिया हे वसईत जन्मलेले, पोर्तुगीज बापाचे आणि इथल्या आईचे पुत्र. ते फ्रान्सिस्कन झाले, पण धर्मगुरू नव्हते, ब्रदर होते. जपानी उत्तम येत असल्यामुळे मनिलाहून जपानला गेलेल्या धर्मगुरूंचे दुभाषी म्हणून त्यांची नेमणूक झाली. तिथला सत्ताधीश टोयोतोमी हिदेयोशी याच्या हुकुमाने ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर दिलं, त्यांत ते होते. १८६२ मध्ये या सव्वीस जणांना संतपद मिळालं. वसईतल्या कॉलेजला नाव आहे ते त्यांचंच.

क्रुसावर दिलेल्यांच्या मरणातला हा इशारा ज्यांना नीट कळला, त्यांत तिथले बिशप लुईस सर्केरा हे एक असावेत. फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये कागोशिमाला उतरल्यापासून ख्रिस्ती झालेल्यांची संख्या सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तीन लाखांच्या घरात गेली होती असा अंदाज आहे, आणि धर्मगुरू मोजकेच. १६०३ मध्ये जपानी भाषेत ‘कोन्चिरिसान नो र्‍याकू’ नावाची एक पुस्तिका तयार झाली, ती सर्केरा यांच्या नावाशी जोडली जाते. कोन्चिरिसान म्हणजे पोर्तुगीजांकडून आलेला ‘परिपूर्ण पश्चात्ताप’ यासाठीचा शब्द, जपानी जिभेवर बसलेला. पापनिवेदन ऐकणारे कोणी नसताना, विशेषतः मरणाच्या वेळी, काय करायचं ते तीत सांगितलं होतं. नरकाची भीती किंवा लोकलाज मनात धरून नव्हे, तर देवाला दुखावलं या दुःखाने पश्चात्ताप कसा करायचा. पुन्हा पाप न करण्याचा निश्चय. आणि संधी मिळताच पापनिवेदन करीन हा संकल्प. शेवटी पाठ करण्यासाठी प्रार्थना. ट्रेंटचं कोरडं वाक्य नागासाकीच्या कोळ्या-शेतकऱ्यांच्या हाती असं पोचलं.

अकरा वर्षांनी, १६१४ मध्ये, देशभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली आणि धर्मगुरूंना हाकलून दिलं. काही लपून राहिले, एकेक पकडले गेले. शेवटचे कोनिशी मान्शो १६४४ मध्ये मारले गेले. त्यानंतर अख्ख्या जपानात पापनिवेदन ऐकायला कोणी नव्हतं. पुस्तिकेच्या छापील प्रती उरल्या नाहीत. हाताने उतरवून, पाठ करून ती चालत राहिली. उराकामी खोऱ्यात, सोतोमेच्या किनाऱ्यावर, गोतो बेटांवर लपून राहिलेल्या मंडळींनी आपली व्यवस्था लावली. एक जण पंचांग सांभाळायचा. कुठला सण कधी, उपवासकाळ कधी सुरू होतो, कुठल्या दिवशी शिवणकाम करायचं नाही, शेतात खत घालायचं नाही, हे तो सांगे. दुसरा बाप्तिस्मा देई. तिसरा घरोघर निरोप पोचवी. मिस्सा कोणी केली नाही, क्षमेचे शब्द कोणी उच्चारले नाहीत. कोरियासारखं त्यांना थांबवायला बीजिंगचे बिशप नव्हते, तरीही.

आणि दर वर्षी पाप करावं लागे. नागासाकीत नववर्षाच्या दिवसांत अधिकारी घरोघर फिरत, सोबत येशूची किंवा मरियेची प्रतिमा बसवलेली फळी असे, आणि घरातल्या प्रत्येकाने अनवाणी त्यावर पाय द्यायचा. आजाऱ्यांनाही सूट नसे. तान्ह्या मुलाचा पायही टेकवून घेत. ही प्रथा १६२० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली आणि १८५० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चालली. शिवाय प्रत्येक कुटुंबाची नोंद एखाद्या बौद्ध देवळात झालेली, मेलं की भिक्षूने येऊन सूत्रं म्हणायची. त्या वेळी शेजारच्या खोलीत घरचे लोक ती सूत्रं निष्फळ करणारी प्रार्थना पुटपुटत. आणि प्रतिमेवर पाय देऊन झाला, अधिकारी पुढच्या घरी गेले, की कोन्चिरिसान.

इथे धर्मशास्त्राची खरी पंचाईत होते. परिपूर्ण पश्चात्तापाला पुन्हा पाप न करण्याचा निश्चय लागतो. पुढच्या नववर्षात फळी परत येणार, हे त्यांना ठाऊक होतं. पाय परत द्यावा लागणार, हेही. मग तो निश्चय खरा कसा? शुसाकू एन्दो यांच्या १९६६ च्या ‘सायलेन्स’ या कादंबरीने फळीवर पाय देणाऱ्या धर्मगुरूची तडफड जगभर पोचवली. पण धर्मगुरूने एकदा पाय दिला, शेतकऱ्याने वर्षाला एकदा, आयुष्यभर. कागदावर काटेकोर हिशेब मांडणारा म्हणेल, हा पश्चात्ताप टिकत नाही. मला ते पटत नाही. निश्चय म्हणजे भविष्याचं भाकीत नव्हे. मी पुन्हा घसरेन ही भीती आणि मला घसरायचं नाही ही इच्छा एकाच मनात राहू शकतात, आणि पापनिवेदनाच्या रांगेतल्या बहुतेकांच्या मनात त्या तशा असतातच. शिवाय धाकाखाली केलेल्या कृत्याचा दोष कमी होतो, हे तर चर्चचं स्वतःचंच म्हणणं आहे. उराकामीच्या माणसांनी दोष कमी करून घेतला नाही. त्यांनी दर वर्षी ते पाप म्हणूनच मोजलं.

‘संधी मिळताच पापनिवेदन करीन’ या अटीचं काय झालं, हे तर आणखी विलक्षण. बास्तियान नावाच्या सतराव्या शतकातल्या एका जपानी धर्मशिक्षकाच्या नावावर एक भाकीत सांगितलं जाई : सात पिढ्या उलटतील, मग मोठ्या काळ्या जहाजातून पापनिवेदन ऐकणारे येतील, आणि आठवड्याच्या आठवड्याला निवेदन करता येईल. ज्यांनी कधी धर्मगुरू पाहिला नव्हता, अशी माणसं आपल्या नातवंडांना शिकवत होती की एक दिवस दर आठवड्याला रांग लागेल. तोवर प्रत्येक जण ‘संधी मिळताच’ म्हणत मेला, संधी न मिळता.

१७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या नव्या ओउरा चर्चमध्ये, परदेशी व्यापाऱ्यांसाठी बांधलेल्या, उराकामीचे दहा-पंधरा लोक आले. चर्च सव्वीस हुतात्म्यांना अर्पण केलेलं होतं, म्हणजे वसईच्या गोन्सालो गार्सिया यांनाही. फ्रेंच धर्मगुरू बर्नार्द पेतीजाँ प्रार्थनेला बसले होते. एका बाईने जवळ येऊन हलकेच सांगितलं की आमचं मन तुमच्यासारखंच आहे, आणि सांता मारियाची मूर्ती कुठे आहे असं विचारलं. बोलताबोलता लोकांनी हेही सांगितलं की आम्ही सध्या दुःखाच्या काळात आहोत. पेतीजाँ यांच्या पंचांगातही तेव्हा उपवासकाळच चालू होता. दोनशे वर्षांनी तिथी जुळली होती. फादर लग्न न केलेले आहेत ना, रोमच्या प्रमुखांना मानतात ना, हेही त्यांनी पुढे चाचपून पाहिलं. फसवणूक नको होती. मग निवेदनं सुरू झाली.

सगळेच परतले नाहीत. लपलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी, विशेषतः इकित्सुकी बेटावर, आजोबा-पणजोबांचीच रीत चालू ठेवली. धर्मगुरू आले हे त्यांना कळलं होतं, पण ज्याच्यासाठी वाट पाहिली त्यापेक्षा वाट पाहण्याची पद्धतच त्यांची झाली होती. तिथल्या प्रार्थनांत लॅटिन आणि पोर्तुगीज शब्द जपानी जिभेवर झिजून आलेले आहेत, म्हणणाऱ्यांनाही अर्थ लागत नाही. चर्चच्या नियमाप्रमाणे त्यांचा संकल्प पुरा करायची मुदत १८६५ मध्ये भरली. पण संकल्प सात पिढ्यांपूर्वी कोणी तरी केलेला असेल, तर तो सातव्या पिढीवर कितपत बांधून राहतो, याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही.

जे परतले, त्यांना ती रांग फार काळ लाभली नाही. जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावरची बंदी अजून उठली नव्हती. १८६७ मध्ये उराकामीवर छापे पडले आणि पुढच्या तीन वर्षांत तीन हजारांहून अधिक लोकांना घरंदारं सोडायला लावून देशभर वेगवेगळ्या सरंजामांत पाठवलं. थंडी, उपासमार आणि छळाने सहाशेंहून अधिक मेले. बंदी उठली ती १८७३ मध्ये. मधेच, १८६९ मध्ये, पेतीजाँ यांनी एक जुनी पुस्तिका लोकांकडच्या हस्तलिखितांवरून पुन्हा छापून घेतली : ‘कोन्चिरिसान नो र्‍याकू’. नागासाकीत आता फादर होते, पण हद्दपारीत ते सोबत जाऊ शकत नव्हते.